पर्सींची पोथी आणि ‘चाइल्ड ऑफ एल्’

पुढें बिशप झालेले टॉमस पर्सी यांनीं १७६५ सालीं ‘रेलिक्स ऑफ एन्शंट इंग्लिश पोएट्री’ हा जुन्या इंग्रजी कथागीतांचा संग्रह छापिला. त्याची आधारभूत पोथी त्यांना श्रॉपशायर परगण्यांत शिफ्नल येथें हंफ्री पिट यांच्या घरीं सांपडली. मोलकरणी तिचीं पानें विस्तव पेटविण्यास घेत होत्या. वाण्याच्या पुड्यांतून दप्तरें सोडविणाऱ्या आमच्या वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं. पोथी वांचविल्याचें श्रेय पर्सींचेंच. परंतु तिच्याशीं त्यांनीं जो व्यवहार केला, तो आम्हांस क्षम्य वाटत नाहीं.

‘चाइल्ड ऑफ एल्’ हें गीत पहावें. (चाइल्ड म्हणजे येथें बालक नव्हे, कुलीन तरुणाची ती पदवी.) पोथींत याच्या अवघ्या ३९ ओळी उरल्या आहेत, पर्सींच्या छापील पाठांत २०० आहेत. पोथींतली कन्या प्रियकरास सांगते कीं, तुझ्या काळजाचें रक्त पाहिल्यावांचून बाप अन्नपाणी घेणार नाहीं. दोघें पळतात, बाप व सात भाऊ वाट अडवितात, तरुण तिला घोडा धरावयास सांगतो, आणि येथेंच पाठ तुटतो.

पर्सींनीं काय जोडिलें? बापानें योजिलेला नावडता वर, त्याचा वध, आणि शेवटीं बापाचा आशीर्वाद! बळजबरीच्या विवाहाचें हें प्रकरण उरलेल्या ओळींत कोठेंही नाहीं. पोथींत ‘सर जॉन’ ही हांक बापास उद्देशून दिसते. पर्सींनीं त्याच नांवाचा वर उभा केला. उलट याच कथेचें स्कॉटिश रूप, वॉल्टर स्कॉट यांनीं छापिलेली ‘डग्लस ट्रॅजेडी’, घ्यावें. तेथें बाप आणि सातही भाऊ पडतात, प्रियकर जखमांनीं मरतो व त्याच्यामागें कन्याही. रक्ताची शपथ वाहिलेला बाप आशीर्वाद देऊन मोकळा होतो, हें अठराव्या शतकाच्या दिवाणखान्यास शोभेल. त्या गीतास नव्हे.

पर्सींचे कैवारी म्हणतील कीं, भर घातल्याचें त्यांनीं कबूल केलें होतें. केलें खरें, पण आपल्या ओळी कोणत्या, हें वाचकानें त्यांच्या हीनतेवरून ओळखावें, असा तो विनय! संस्कृत ग्रंथांचे संपादक प्रक्षिप्त श्लोक कंसांत घालतात. तेवढी खूण पुरली असती. ती नव्हती म्हणूनच जोसेफ रिटसन यांच्यासारखा कठोर परीक्षक पोथीच्या अस्तित्वाविषयींच शंका घेऊं शकला. हेल्स व फर्निव्हॉल यांनीं १८६७-६८ सालीं ती जशीच्या तशी छापिली. आज ती ब्रिटिश लायब्ररींत आहे. हें गीत वाचणारानें तीच आवृत्ति पुढें घ्यावी, आणि पर्सींचा पाठ शेजारीं ठेवावा.