कलाकामगार : रूपक आणि वास्तव

मराठी समीक्षेत कलावंताच्या बांधिलकीची चर्चा प्रायः कलाकृतीच्या आशयाभोवती फिरत आली आहे. फडके-खांडेकर वादापासून साठोत्तरी चळवळींपर्यंत मुख्य प्रश्न होता तो कला कशासाठी आणि कोणाच्या बाजूने, हा. कलाकृती ज्या वास्तूत, ज्या व्यवस्थेत प्रतिष्ठा पावते ती कोणाच्या श्रमांवर उभी असते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. दृश्यकलेच्या क्षेत्रात मात्र गेल्या अर्धशतकात या दुसऱ्या प्रश्नानेच कलावंताला अडचणीत आणले आहे.

जानेवारी १९६९ मध्ये ग्रीक शिल्पकार ताकिस यांनी न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शनातून आपले शिल्प उचलून संग्रहालयाच्या बागेत नेले. शिल्प संग्रहालयाच्या मालकीचे होते. परंतु विकल्यानंतरही त्याच्या मांडणीवर कलावंताचा अधिकार राहतो, असा त्यांचा दावा होता. या कृतीतून ‘आर्ट वर्कर्स कोअलिशन’ ही संघटना उभी राहिली. कलावंत स्वतःला कामगार म्हणवू लागला. हे नामकरण प्रभावी होते; तरीही ते मूलतः रूपकच होते. कामगार आपला वेळ विकतो, कलावंत आपली वस्तू. कामगाराने संप केला तर त्याची मजुरी बुडते. कलावंताने कलाकृती मागे घेतली तर तिच्याभोवतीचे वलय पुष्कळदा वाढते.

रूपक आणि वास्तव यांतील हे अंतर मिअर्ल लॅडरमन युकेलिस यांनी नेमके हेरले. त्याच वर्षी लिहिलेल्या जाहीरनाम्यात त्यांनी झाडलोट, धुणीभांडी, देखभाल यांनाच कला म्हणून घोषित केले. १९७३ मध्ये हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयाच्या पायऱ्या त्यांनी स्वतः धुतल्या. पुढे १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी हस्तांदोलन करून त्यांनी त्यांचे आभार मानले. नोकर रोज पायऱ्या धुतो ते काम; कलावंताने धुतल्या की ती कलाकृती. हा भेद युकेलिस पुसत नाहीत, तो उघडा पाडतात. त्यांच्या कृतीचे बळ या प्रामाणिकपणात आहे.

हाच भेद अबूधाबीत अधिक कठोर रूपात समोर आला. तेथील सादियात बेटावर गुगेनहाइम संग्रहालयाची शाखा उभारण्याची घोषणा २००६ मध्ये झाली. बेटावरील बांधकामे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ येथून आलेल्या मजुरांच्या हातून व्हायची होती. भरतीसाठी दलालाला दिलेल्या रकमेचे कर्ज डोक्यावर, पासपोर्ट मालकाच्या ताब्यात, संघटनेला आणि संपाला कायद्याची मनाई, अशी त्यांची अवस्था पुढे आली. मार्च २०११ मध्ये ‘गल्फ लेबर’ या गटाच्या पत्रकाद्वारे १३० हून अधिक कलावंत, लेखक आदींनी या संग्रहालयाशी असहकार पुकारला. गटाने मजूर-वसाहतींना भेटी दिल्या, अहवाल काढले आणि ऑक्टोबर २०१३ पासून वर्षभर दर आठवड्याला या विषयावरील एक कृती प्रसिद्ध केली. एप्रिल २०१६ मध्ये गुगेनहाइमने बोलणी थांबवली.

या बहिष्काराचे मूल्यमापन करताना दोन घटना शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे. २०१५ मध्ये गटाशी संबंधित वालिद राद यांना दुबईच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आले आणि मुंबईचे कलावंत अशोक सुकुमारन यांना व्हिसा नाकारण्यात आला. त्याविरुद्ध जगभरच्या कलाक्षेत्रातून निषेध उमटला. त्याच वर्षीच्या ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालानुसार, सादियातवर वेतनवाढीसाठी संप करणाऱ्या काहीशे मजुरांना देशाबाहेर घालवण्यात आले होते. त्यांची नावे कलेच्या इतिहासात येणार नाहीत. नकार देण्याचे सामर्थ्य दोघांनीही वापरले. पण कलावंताचा नकार ही कृती ठरली आणि मजुराचा नकार हा गुन्हा ठरला.

यावरून कलावंतांचा बहिष्कार व्यर्थ होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या गटाने भरतीकर्जाची परतफेड, निर्वाहापुरते वेतन आणि मजुरांना स्वतःचे प्रतिनिधित्व करण्याचा हक्क या मागण्या केल्या, ही गोष्ट महत्त्वाची आहे. यांतील शेवटची मागणी कलावंताच्याच भूमिकेवर मर्यादा घालते. मजूर स्वतः बोलू लागला तर त्याच्या वतीने बोलणाऱ्याची गरज उरत नाही. आपली गरज संपावी म्हणून झटणारी कला ही बांधिलकीची खरी कसोटी होय.

समीक्षेलाही यातून सुटका नाही. संग्रहालयाच्या भिंतीवरील चित्राचे रूप, लय, अवकाश यांची चिकित्सा करणाऱ्या समीक्षकाला ती भिंत बांधणाऱ्याची मजुरी हा आपल्या विषयाबाहेरचा भाग वाटत आला. चित्राला लाभलेले मूल्य त्या भिंतीनेही घडवलेले असेल, तर तो भाग विषयाबाहेर कसा, याचे उत्तर समीक्षेने द्यावयाचे आहे.