खाशाबांचे पाय

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण बहुतेक वेळा हळहळीच्या सुरात सांगतो. हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले, पदकानंतरही योग्य तो मान मिळाला नाही. हे सगळं खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण या हळहळीत त्यांची कुस्ती मात्र मागे पडली. 1952 साली स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा हा मल्ल बरोबरीच्या मल्लांपेक्षा वेगळा कशाने होता, याचं उत्तर त्यांच्या पायांत सापडतं.

पेण-रोह्याकडच्या वाचकाला हे चटकन उमगेल. आपल्याकडे कबड्डी पाहत वाढलेला माणूस चढाईपटूचे हात बघत नाही, त्याची नजर पायांवर असते. मागचा पाय कुठे टेकलाय, वजन कोणत्या चवड्यावर आहे, यावरून गडी गुण घेऊन परतणार की मध्यरेषेच्या अलीकडेच अडकणार, हे आधीच कळतं. हीच नजर घेऊन खाशाबांच्या कुस्तीकडे वळावं.

त्या काळची आपली कुस्ती वजनदारांची होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं, आणि तिथे लोटणारी गर्दी यायची ती पहाडासारखे दोन देह एकमेकांवर आदळताना पाहायला. खडाखडी लांबत जायची, मानेवर हात पडायचे, एकमेकांचा कस काढला जायचा आणि मग कोणीतरी बळाने दुसऱ्याला खाली आणायचा. ही शैली कमी प्रतीची नव्हे, तिचं स्वतःचं वैभव आहे. पण कराडजवळच्या गोळेश्वरचा, पाच भावांत धाकटा असलेला खाशाबा चणीने लहान. वडील दादासाहेब स्वतः मल्ल, त्यामुळे हौद्यातली माती लहानपणीच अंगाला लागली. बळाच्या या दुनियेत लहान चणीच्या मुलाने बळाची नक्कल केली नाही. तो हलत राहिला. समोरच्याचा हात पोहोचेपर्यंत आपण तिथे असायचंच नाही, ही त्याची तऱ्हा. 1948च्या लंडन ऑलिंपिकआधी रीस गार्डनर या प्रशिक्षकाने त्यांना तयार केलं. इतर मल्लांपेक्षा वेगळी अशी ही पायांची चपळाई गार्डनरच्या नजरेने नेमकी टिपली. मला हे फार मोलाचं वाटतं. परक्या देशातल्या पारख्याला या पोरात आधी दिसले ते पाय.

आता त्यांचा आवडता डाव पाहू, ढाक. पाहणाऱ्याला वाटतं, ही हातांची करामत आहे. समोरच्याचं डोकं बगलेत आवळलं, हिसका दिला, गडी जमिनीवर. हात खरं तर फक्त धरून ठेवतात. डाव घडतो तो पायाने. पुढचा पाय चवड्यावर गर्रकन वळला पाहिजे, त्यासरशी कंबर समोरच्याच्या पोटाखाली सरकली पाहिजे, आणि हे सगळं तो पुढे रेटा देत असतानाच झालं पाहिजे. मग त्याचाच जोर त्याला कमरेवरून पलीकडे नेतो. पाय अर्धा क्षण उशिरा वळला तर आपली पाठ त्याच्या हातात जाते आणि ढाक मारणाराच खाली येतो. म्हणून मंद पायांच्या मल्लाने या डावाच्या वाटेला जाऊ नये. खाशाबांनी हाच जोखमीचा डाव आपला मानला, यातच त्यांचा आपल्या पायांवरचा विश्वास दिसतो.

पण खरी कसोटी मॅटची होती. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीत पाय किंचित रुततो, बोटांना पकड मिळते, घाईला वाव नसतो. मॅटवर पायात बूट, खाली लवचिक गादी, डोक्यावर घड्याळ, आणि चितपट झाली नाही तर पंचांचा कौल. लंडनला 52 किलो गटात खाशाबा सहावे आले, तेही मॅटच्या कुस्तीची सवय नसताना. जिची साथ जन्मापासून होती ती मातीच पायाखालून गेली, तरी चाल मोडली नाही. चार वर्षांनी हेलसिंकीत 57 किलो गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. ज्यांच्याकडून ते हरले त्यांतला एक जपानचा शोहाची इशी, मुळात ज्युदोचा. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. दुसरा सोव्हिएत संघाचा राशिद मामेदबेकोव. त्यांनाच त्या गटाचं सुवर्ण आणि रौप्य मिळालं, खाशाबांना कांस्य. दीर्घ झुंजीनंतर खाशाबांना पुरेशी विश्रांती न मिळताच पुन्हा उभं राहावं लागलं, असं सांगतात. तसं असेल तर त्या दिवशी थकले असतील ते आधी पायच, आणि पाय थकले की या मल्लाचं अर्धं शस्त्र गेलं.

जगाने हाच गुण एका अवजड देहात नंतर पाहिला. मुहम्मद अलीने 1964 साली सॉनी लिस्टनला नमवलं तेव्हा हेवीवेट मुष्टियोद्ध्याने असं नाचायचं नसतं, हात कमरेपाशी खाली ठेवून नुसती मान मागे घेत ठोसा चुकवायचा नसतो, असं जाणकार म्हणत होते. लिस्टन बळाने अफाट होता, त्याचे ठोसे मात्र हवेत जात राहिले. मोठ्या देहात ही चपळाई आली तेव्हा जग थक्क झालं. खाशाबांच्या लहान देहातली चपळाई मात्र जणू गृहीतच धरली गेली. हा अन्याय मान न मिळण्याच्या अन्यायाइतकाच मला लागतो, कारण लहान देह आपोआप चपळ होत नाही. जोर-बैठकांइतकीच मेहनत पायांवरही घ्यावी लागते, आणि ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

त्यांच्यानंतर पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक भारताला 1996 साली लिअँडर पेसने मिळवून दिलं. मधली 44 वर्षं पाहिली की त्या कांस्याचं वजन कळतं.

15 जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पेण-रोह्याच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना एवढीच विनंती, की त्या दिवशी भाषण थोडं आवरतं घ्या आणि मुलांना मैदानावर उतरवून एक ढाक करून दाखवा. सावकाश, पाय आधी आणि हात नंतर.