भातुकली आणि बालवाडी : ‘खेळातून शिक्षण’ या संकल्पनेची चिकित्सा
(विशेष संदर्भ : शनिवार पेठ, पुणे)

बालशिक्षणविषयक मराठी लेखनात ‘खेळातून शिक्षण’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, त्यातील ‘तून’ या प्रत्ययाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खेळ हे साधन आणि शिक्षण हे साध्य, असा क्रम हा प्रत्यय गृहीत धरतो. बालकाच्या भावनिक वाढीला हा क्रम कितपत मानवतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी शनिवार पेठेतील वाड्यांतून खेळली जाणारी भातुकली आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे बालवाडीचे कार्य हे दोन आधार घेतले आहेत.

शनिवारवाड्यापासून मुठेच्या काठापर्यंत पसरलेल्या या पेठेतील वाड्यांत चौक, ओटा, पडवी आणि जिन्याखालचा कोपरा ही मुलांची हक्काची ठिकाणे असत. भातुकली तेथेच मांडली जाई. चुरमुऱ्यांचा भात, गुळाची पोळी, दाण्यांची भाजी. येथे खाऊ खरा असतो आणि स्वयंपाक खोटा. पान वाढून होईपर्यंत यजमानीण झालेल्या मुलीने गूळ तोंडात टाकायचा नसतो. टाकला तर खेळ मोडतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये मांडलेला विचार येथे नेमका लागू पडतो. खेळातील भूमिकेचा नियम बालक स्वेच्छेने पाळते आणि तात्कालिक इच्छेला आवर घालते. या आवरातच त्याला आनंद मिळतो. मोठ्यांनी ‘थांब’ म्हटल्यावर जे साधत नाही, ते पाहुण्यांसाठी थांबताना साधते.

दुसरी बाब भावनेची. सकाळी आईची बोलणी खाल्लेली मुलगी दुपारी त्याच शब्दांत बाहुलीला रागावते आणि थोड्या वेळाने तिला मांडीवर घेऊन थोपटते. फ्रॉइड यांनी १९२० मध्ये दीड वर्षाच्या नातवाच्या रिळाच्या खेळाविषयी केलेले विवेचन याच जातीचे आहे. जे सोसावे लागले, ते बालक खेळात स्वतः घडवून आणते. बोलणी खाणारी मुलगी येथे बोलणारी होते आणि समजूत काढणारीही. हे कोणी शिकविलेले नसते; शिकवायला गेल्यास ते बहुधा घडणारही नाही.

मात्र, या वाडासंस्कृतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. चौकात कोणाच्या मुलांनी यावे, हे जात ठरवीत असे आणि भातुकलीतील चूल मुलीच्याच वाट्याला येई. शिवाय, मुलीचे खेळण्याचे वय समाज मध्येच संपवून टाकी. अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि अवघ्या काही महिन्यांत त्यांना वैधव्य आले. पुढे त्या शनिवार पेठेपासून फारशा दूर नसलेल्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका होत्या. तेथून त्या १९४५ मध्ये ताराबाईंच्या कार्यात बोर्डीला गेल्या. ज्या बाईचे बाळपण असे तोडले गेले, तिने पुढील आयुष्य इतरांच्या मुलांच्या खेळण्याला वाहिले, ही गोष्ट केवळ चरित्रातील योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरींच्या महागड्या साधनांची जागा बिया, शिंपले, खडे, पाने यांनी घेतली. या भारतीयीकरणाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तही आहे. परंतु साधने बदलली म्हणजे पद्धतीमागील दृष्टी बदलतेच, असे नाही. माँटेसरींना लहान मुलांच्या कल्पनाखेळाविषयी ओढ नव्हती. लुटुपुटीच्या स्वयंपाकापेक्षा खरे काम त्यांना श्रेयस्कर वाटे. उलट, ताराबाईंचे भावनगरमधील सहकारी गिजुभाई बधेका यांनी गोष्टीला आणि बालनाट्याला बालमंदिरात मानाचे स्थान दिले. बियांची प्रतवारी करणारे मूल आणि त्याच बियांचा भात रांधणारे मूल यांच्यात जे अंतर आहे, ते या दोन दृष्टींमधील अंतर आहे. मराठी बालशिक्षणविचाराने पहिल्या मुलाची जितकी चर्चा केली, तितकी दुसऱ्याची केली नाही.

१२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने शनिवार पेठेतील अनेक वाडे पाडले. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या जागी पुढे इमारती आल्या. चौकाच्या जागी वाहनतळ आला. घरात भावंडे कमी आणि खाली जागा नाही, अशा स्थितीत तीन वर्षांच्या मुलाला समवयस्क भेटतात ते बालवर्गातच. त्यामुळे पूर्वी वाड्यात आपोआप घडणाऱ्या गोष्टीची जबाबदारी आता बालवर्गावर आली आहे. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुक्त खेळाला मान्यता दिली, हे स्वागतार्ह आहे. तथापि, तोच आराखडा क्षमता आणि अध्ययन निष्पत्ती यांच्या चौकटीतही बोलतो. निष्पत्तीची नोंद ठेवणाऱ्या शिक्षिकेला बियांची प्रतवारी दिसते, मोजता येते. बाहुलीला थोपटणारी मुलगी तिच्या तक्त्यातील कोणत्याच रकान्यात बसत नाही आणि रकाना भरण्यासाठी शिक्षिकेने तिला ‘काय करतेस?’ असे विचारले, की ती बाहुली खाली ठेवते.