बार्बोझाचा एक गोल

मोआसिर बार्बोझा हें नांव आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं ऐकलें असेल, त्यांनीं तें एकाच प्रसंगाच्या जोडीनें ऐकलें असणार. १६ जुलै १९५० रोजीं रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर उरुग्वेच्या गिज्जानें मारलेला चेंडू ज्याला अडवितां आला नाहीं, तो ब्राझीलचा गोलकीपर म्हणजे बार्बोझा. या प्रसंगावर इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्याची एक स्वतंत्र वाङ्मयशाखाच झाली आहे, आणि तिचा प्रधान रस करुण आहे. पूर्वीं लोकांनीं त्याला दोष दिला. आतां लेखक त्याची कींव करितात. या दोन वर्तनांत वाटतो तितका भेद नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रसंग थोडक्यांत सांगितला पाहिजे. त्या वर्षींच्या विश्वचषकाचा निकाल एका ठराविक अंतिम सामन्यानें लागावयाचा नव्हता. चार संघांच्या अखेरच्या साखळींत ज्याचे गुण अधिक तो विजेता. ब्राझीलनें स्वीडनला ७-१ व स्पेनला ६-१ असें हरविलें होतें, आणि उरुग्वेशीं नुसती बरोबरी झाली तरी करंडक त्यांचाच होता. तिकिटें काढून आलेले प्रेक्षकच १,७३,८५० होते. प्रत्यक्ष संख्या दोन लाखांच्या घरांत होती असें मानितात. खेळ सुरू होण्यापूर्वींच शहराच्या प्रमुखांनीं भाषण करून आपल्या खेळाडूंना विजेते म्हणून गौरविलें. (हिंदुस्थानचा संघही त्या स्पर्धेस पात्र ठरला होता, पण गेला नाहीं. अनवाणी खेळण्याची परवानगी नाकारल्यामुळें गेला नाहीं, ही आपल्याकडील आवडती कथा फारशी खरी नव्हे. पराभवाप्रमाणें गैरहजेरीलाही लोकांना एखादें सोपें कारण हवें असतें.)

उत्तरार्धाच्या आरंभींच फ्रियासानें ब्राझीलचा गोल केला. ६६व्या मिनिटास गिज्जा उजव्या बाजूनें धांवत आला, त्यानें चेंडू मध्यें दिला, व स्कियाफिनोनें तो गोलांत धाडला. ७९व्या मिनिटास तोच गिज्जा, त्याच बाजूनें, बिगोदला चुकवून पुन्हां आला. तो या खेपेसही चेंडू मध्यें देणार असें धरून बार्बोझा जवळच्या खांबापासून किंचित् पुढें सरला, आणि गिज्जानें खांब व गोलकीपर यांमधल्या चिंचोळ्या जागेंतून चेंडू मारिला. आपला हात चेंडूला लागला आणि तो बाहेर गेला, अशी बार्बोझाची समजूत झाली होती; सारें मैदान निःशब्द झालें तेव्हां त्याला खरें काय तें कळलें, असें तो पुढें सांगत असे.

आतां यांत प्रमाद कोणता? ग्रीक शोकांतिकेचा नायक ज्या चुकीमुळें कोसळतो, तिची मुळें त्याच्या अज्ञानांत किंवा त्याच्या स्वभावांत सांपडतात. येथें तसें कांहींच नाहीं. तेरा मिनिटांपूर्वीं जें घडलें त्यावरून पुढचें अनुमान करणें हें गोलकीपरचें कामच आहे. तो खांबाला चिकटून उभा राहिला असता व चेंडू मध्यें गेला असता, तर त्याच प्रेक्षकांनीं त्याला भित्रा म्हटलें असतें. गिज्जाला एकाच वाटेनें दोनदां येऊं देणारी बचावाची फळी, आणि १-१ अशा स्थितींतही करंडक हातीं होता याचें संघाला न राहिलेलें भान, हीं कारणें कोणाही जाणत्यास दिसावींत. तरी दोषाचा मुख्य भार पडला तो बार्बोझा, बिगोद व जुवेनाल या तिघांवर, आणि तिघेही कृष्णवर्णी होते. हा योगायोग म्हणून सोडून देणें आम्हांस शक्य वाटत नाहीं. विश्वचषकांत ब्राझीलचा मुख्य गोलकीपर म्हणून पुन्हां कृष्णवर्णी खेळाडू दिसला तो २००६ सालीं, दीदाच्या रूपानें; मध्यंतरीं १९६६ सालीं मांगा एकच सामना खेळला होता.

या विषयावरील कलाकृतींत जोर्जे फुर्तादो व आना लुइझा अझेवेदो यांचा १९८८ सालचा 'बार्बोझा' हा लघुपट आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटतो. त्याचें मूळ पाउलो पेर्दिगाव यांच्या कथेंत आहे. बालपणीं तो पराभव पाहिलेला एक गृहस्थ काळाची पाउलें उलटीं टाकून १९५० सालांत जातो व गोलकीपरला सावध करण्यासाठीं हांक मारितो. त्या हांकेनेंच बार्बोझाचें लक्ष क्षणभर ढळतें आणि गोल होतो. कल्पना मार्मिक आहे. जो विसरूं शकत नाहीं तोच अपराधी, हें इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणी सांगितलें असेल. परंतु चित्रपट एक गोष्ट फुकट देऊन टाकितो. गोल होण्यास गोलकीपरचें लक्ष ढळावें लागलें, हें फिर्यादीचें गृहीतकृत्य तो मान्य करितो, आणि आरोपीला निर्दोष ठरविण्याऐवजीं त्याला एक सबब पुरवितो. सबब सुंदर असली तरी ती सबबच.

रोबेर्तु मुइलाएर्त यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्राची गोष्टही तीच. त्याच्या नांवांतच गोलाला पन्नास वर्षें झाल्याचा उल्लेख आहे. चरित्र माणसाचें, वाढदिवस गोलाचा! माराकानाचे जुने लांकडी खांब बार्बोझाला भेट मिळाले व त्यानें ते जाळून त्यावर मांस भाजलें, ही आख्यायिकाही सर्वांची लाडकी आहे. ती खरी असो वा नसो, लेखकांना ती सोडवत नाहीं. ब्राझीलच्या कायद्यांत मोठ्यांत मोठी शिक्षा तीस वर्षांची असतां आपण पन्नास वर्षें भोगली, हे त्याचे शेवटच्या वर्षींचे उद्गार तर प्रत्येक लेखाच्या शेवटीं ठरलेलेच. उद्गार खरे आहेत व हृदयाला भिडतात. पण त्यांच्या आधारें बाकीचें सारें आयुष्य पुसून टाकण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

तें आयुष्य काय होतें? १९२१ सालीं काम्पिनास येथें जन्मलेला हा मुलगा १९४५ सालीं वास्को द गामा या क्लबांत आला. हा क्लब १८९८ चा, म्हणजे त्या दर्यावर्दीच्या हिंदुस्थान-यात्रेच्या चौथ्या शताब्दीचा. आपल्या गोमंतकांतील वास्को शहर व हा क्लब एकाच माणसाचें नांव मिरवितात. १९२३ सालीं कृष्णवर्णी व मजूरवर्गांतील खेळाडूंच्या बळावर त्यानें रिओची स्पर्धा जिंकली, आणि पुढील वर्षीं त्यांतील बारा खेळाडूंना काढण्याची श्रीमंत क्लबांची मागणी लेखी नाकारली. अशा घरांत बार्बोझा वाढला. तो हातमोजे न घालतां खेळे. १९४८ सालीं सांतियागो येथें दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली, तींत रिव्हर प्लेटच्या लाब्रुनाची पेनल्टी अडवून त्यानें सामना ०-० असा राखला व वास्को विजेता ठरला. १९४९ सालीं ब्राझीलनें दक्षिण अमेरिकेचें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हांही गोल त्याच्याकडेच होता.

आणि माराकानानंतर? जे त्याला उध्वस्त मनुष्य म्हणून रंगवितात त्यांनीं पुढचीं पानें उलटावींत. जानेवारी १९५१ मध्यें त्याच मैदानावर वास्कोनें रिओचें अजिंक्यपद जिंकलें. एप्रिलांत मोंतेव्हिदेओ येथें वास्कोची गांठ पेन्यारोलशीं पडली. समोर गिज्जा, स्कियाफिनो व उरुग्वेचा कप्तान ओब्दुलियो व्हारेला, तिघेही उभे होते. वास्कोनें तो सामना ३-० असा जिंकला. बार्बोझानें गिज्जाला त्या दिवशीं एकही गोल दिला नाहीं. तो देशासाठीं पुन्हां खेळला नाहीं असें सरसकट लिहितात. १९५३ सालीं इक्वेडोरविरुद्ध तो खेळला आहे. त्याच वर्षीं त्याचा पाय मोडला व पुढील विश्वचषकाची आशा संपली. तरी १९५८ सालच्या वास्कोच्या विजयांत तो होता, आणि १९६२ पर्यंत, एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत, तो गोलांत उभा राहत होता. खेळ सोडल्यावर त्यानें पुष्कळ वर्षें नोकरी केली ती माराकानाच्याच आवारांत.