हजार तास म्हणजे सोलापूरचे किती दिवस?

सोलापूरला उन्हाची वाण नाही. त्यामुळे स्वस्त सौरघटाची बातमी आली की वर्गात हमखास विचारले जाते, ‘सर, आपल्याकडे कधी?’ म्हणून अशा एका गाजलेल्या शोधनिबंधाची पारख करू. वुहान येथील होंगवेई हान यांच्या गटाचा हा निबंध जुलै 2014 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पेरोव्हस्काइट सौरघटाच्या मागच्या बाजूचे विद्युतअग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, प्रयोगशाळेत बहुधा सोन्याचे असते. सोने महाग, शिवाय त्याचा थर निर्वात पात्रात चढवावा लागतो. चांदी वापरावी, तर पेरोव्हस्काइटमधील आयोडाइडमुळे ती गंजते. हान यांच्या गटाने सोन्याऐवजी कार्बनचा लेप दिला, तोही लग्नपत्रिका छापतात त्या स्क्रीन प्रिंटिंगने. मग त्या सच्छिद्र लेपातून पेरोव्हस्काइटचे द्रावण आत झिरपू दिले. कार्यक्षमता 12.8 टक्के भरली. उघड्या हवेत, पूर्ण उन्हाइतक्या प्रकाशात घट हजार तासांहून अधिक टिकला.

या हजार तासांचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. सोलापुरात रोज सरासरी साडेपाच तास पूर्ण ऊन धरले, तर हजार तास सहा महिन्यांत संपतात. सिलिकॉनच्या पॅनेलला साधारण 25 वर्षांची हमी असते, म्हणजे सुमारे 50,000 तास. पुढे 2017 मध्ये मोहम्मद खाजा नझीरुद्दीन यांच्या स्वित्झर्लंडमधील गटाने कार्बनचेच पॅनेल 10,000 तास टिकवले. तरी ती पाचच वर्षे, आणि तीही नियंत्रित स्थितीत. आपल्याकडे पॅनेल मे महिन्यात दिवसभर तापते, रात्री निवते आणि पुढे पावसात भिजते.

दुसरा आक्षेप आकाराचा. कार्बनचा रोध सोन्याहून पुष्कळ अधिक. छोट्या घटात तो जाणवत नाही, पण मोठ्या घटात विजेला लांबचा पल्ला गाठावा लागतो आणि तूट वाढते. कागदावर पेन्सिलची जाड रेघ ओढून मल्टिमीटरने मोजा. रेघ लांबली की रोध वाढलेला दिसेल. शिवाय घटातले शिसे कार्बन वापरल्याने जात नाही.

तरीही निबंधाचे मोल मोठे आहे. सोन्यावाचून अडत नाही, हे त्याने दाखवून दिले. मात्र नुसत्या टक्केवारीवर भुलू नये. किती तास, किती तापमानाला आणि केवढ्या घटावर, हे विचारायची सवय मुलांना लागली, तर ‘आपल्याकडे कधी?’ याचे उत्तर ती स्वतःच शोधतील.