दान, मोबदला आणि वेठ : 'स्टारड्यू व्हॅली' या खेळातील जुनिमोंचा विचार

संगणकीय खेळांकडे मराठी समीक्षेने आजवर करमणुकीचे साधन म्हणूनच पाहिले आहे. मात्र कथा, पात्रे आणि मूल्यव्यवस्था असलेली ही एक संहिता आहे, हे मान्य केल्यास तिचीही चिकित्सा साहित्यकृतीप्रमाणे करता येते. प्रस्तुत लेखात एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडविलेल्या आणि २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या 'स्टारड्यू व्हॅली' या शेती-बागकामाच्या खेळातील जुनिमो या वनदेवतासदृश साहाय्यकांचा विचार केला आहे.

या साहाय्यकांना पूर्वपरंपरा आहे. 'हार्वेस्ट मून' या जपानी मालिकेतून बॅरोन यांनी प्रेरणा घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्या मालिकेतील २००३ च्या 'फ्रेंड्स ऑफ मिनरल टाउन' या खेळात सात बुटके साहाय्यक आहेत. त्यांना पिठासारख्या भेटी देऊन स्नेह जोडावा लागतो आणि स्नेह पुरेसा वाढल्यावरच ते पाणी घालणे, पीक काढणे, जनावरे सांभाळणे ही कामे पत्करतात. प्रारंभी ते कामात कच्चे असतात, सरावाने सुधारतात. मूळ जपानी खेळात त्यांचे नाव ऐनू लोककथेतील 'कोरोपोक्कुरु' या बुटक्या जमातीवरून आलेले आहे. त्या कथेत ही जमात रात्रीच्या अंधारात, तोंड न दाखविता माणसांशी वस्तूंची देवाणघेवाण करीत असे. एका तरुणाने कुतूहलापोटी हात धरून ओढल्यावर ती रुष्ट होऊन निघून गेली. अदृश्य राहण्याचा अधिकार हीच तिथे मैत्रीची अट होती.

'स्टारड्यू व्हॅली'त ही अट अर्धीच उरली आहे. गावातील पडक्या समाजमंदिरात जुनिमो दिसतात, पण त्यांची लिपी वाचता येत नाही. मांत्रिकाने दिलेले पेय प्याल्यावर ती उलगडते. पुढे सहा दालनांसाठी वस्तूंचे निरनिराळे संच अर्पण करावयाचे असतात. ऋतुनुसार पिकलेली भाजी, रानातील फळे, मासे असे हे अर्पण असते आणि त्याच्या बदल्यात पूल दुरुस्त होतो, हरितगृह उभे राहते, खाणगाड्या चालू होतात. कोकणातील राखणदाराला वर्षाकाठी मान दिला जातो, त्याची आठवण मराठी वाचकाला येथे होणे स्वाभाविक आहे.

परंतु तिजोरीच्या दालनात हेच जुनिमो रोख रक्कम मागतात : २,५००, ५,०००, १०,००० आणि २५,००० अशा चार हप्त्यांत एकूण ४२,५०० सुवर्णमुद्रा. रानातील आत्म्यांना नाणी कशासाठी हवीत, याचे उत्तर संहिता देत नाही. पर्याय म्हणून उभ्या केलेल्या जोजा कंपनीचा व्यवहार निदान उघड आहे. ५,००० मुद्रांचे सदस्यत्व आणि १,३५,००० मुद्रांची कामे, इतके मोजले की तीच बस आणि तेच हरितगृह मिळते. खेळाचा सहानुभूतीचा कल स्पष्टपणे जुनिमोंकडे आहे. तरीही दोन्ही मार्गांचे फळ जवळजवळ एकच ठेवल्यामुळे नैतिक निवड ही बरीचशी चवीची निवड होऊन बसते.

खरी अडचण मात्र 'जुनिमो झोपडी'पाशी येते. २०,००० मुद्रा, २०० दगड, १०० तंतू आणि ९ स्टारफ्रूट दिले की मांत्रिक शेतात झोपडी उभारतो. स्टारफ्रूटचे बियाणे मुख्यतः वाळवंटातील दुकानात मिळते आणि तेथे जाण्यासाठी बस दुरुस्त झालेली असावी लागते. झोपडीतील जुनिमो भोवतालच्या सतरा बाय सतरा चौकटींतील तयार पीक काढून आत साठवितात. पेरणी व पाणी घालणे शेतकऱ्याकडेच राहते. पावसात आणि हिवाळ्यात ते काम करीत नाहीत, ही त्यांच्या स्वभावाची उरलेली खूण. त्यांच्याशी संभाषण नाही, स्नेहाची मोजणी नाही, नकाराची शक्यता नाही. किंमत मिळाली ती बांधणाऱ्याला. श्रम मात्र तिसऱ्याचेच. 'मिनरल टाउन'मधील साहाय्यकाला निदान विनंती करावी लागत असे.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, जोजाचे सदस्यत्व घेऊन समाजमंदिराचे गोदाम करणाऱ्या खेळाडूलाही ही झोपडी बांधता येते. ज्यांचे निवासस्थान त्याने हिरावून घेतले, तेच त्याच्या शेतात पीक गोळा करतात. ही विसंगती रचनेच्या सोयीतून आली असावी. म्हणून ती दुर्लक्षणीय ठरत नाही, कारण खेळात मूल्ये संवादांपेक्षा नियमांतून अधिक बोलतात. मार्च २०२४ मध्ये आलेल्या १.६ आवृत्तीत झोपडीत मनुके ठेवण्याची सोय झाली. मनुके असतील तर काढलेले पीक दुप्पट होण्याची शक्यता वीस टक्के असते. प्रथमच जुनिमोंच्या हाती काही पडले. परंतु तो खाऊ न ठेवताही काम पूर्वीसारखेच चालू राहते.