‘द बुक ऑफ डॅनियल’ : कादंबरी व पुरावा

दप्तरें, शकावल्या व महजर यांत रमणाऱ्या वाचकांपुढें एका कादंबरीचें परीक्षण ठेवावें कीं नाहीं, याचा आम्हीं बराच विचार केला. परंतु ई. एल. डॉक्टरो या अमेरिकन ग्रंथकाराची इ. स. १९७१ मध्यें प्रसिद्ध झालेली ‘द बुक ऑफ डॅनियल’ ही कादंबरी एका खऱ्या खटल्यावर रचलेली असून, त्या खटल्याचे महत्त्वाचे कागद ती छापून झाल्यावर कित्येक वर्षांनीं उजेडांत आले. कल्पना आधीं व पुरावा मागाहून, अशी दोहोंची गांठ घालून पाहण्याची संधि क्वचितच येते.

मूळ वृत्तान्त असा. ज्युलियस व एथेल रोझेनबर्ग हें न्यूयॉर्कचें साम्यवादी दांपत्य १९५० सालीं पकडलें गेलें. त्याच वर्षीं कोरियांत युद्ध पेटलें होतें व साम्यवाद्यांविषयींची भीति अमेरिकेंत शिगेस पोंचली होती. अणुबाँबचीं रहस्यें रशियास पुरविण्याच्या कटाबद्दल मार्च १९५१ मध्यें त्यांच्यावर खटला चालला, ५ एप्रिल रोजीं शिक्षा झाली व १९ जून १९५३ रोजीं दोघांसही विजेच्या खुर्चींत देहान्त मिळाला. राजद्रोह म्हटला कीं आपल्यापुढें टिळकांचा १९०८ चा खटला, म्हणजे लेखणीचा अपराध, उभा राहतो. अमेरिकन राज्यघटनेंतील देशद्रोह निराळा. आरोपीनें उघड न्यायालयांत कबुली न दिल्यास त्यास एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार लागतात. रोझेनबर्गांवर तो आरोप ठेवलाच नव्हता. आरोप १९१७ च्या कायद्याखालीं हेरगिरीच्या कटाचा होता. तथापि शिक्षा सुनावतांना न्यायाधीश कॉफमन यांनीं हें कृत्य खुनाहून वाईट ठरविलें व कोरियांतील रक्तपाताचा दोषही आरोपींच्या माथीं ठेवला. आरोप एका अपराधाचा व दंड दुसऱ्याचा, असें जें झालें, तेंच या कादंबरीचें बीज होय.

कादंबरींत रोझेनबर्गांचे आयझॅक्सन झाले आहेत व दोन मुलग्यांच्या जागीं एक मुलगा व एक मुलगी आलीं आहेत. मुलगा डॅनियल १९६७ सालीं ग्रंथालयांत बसून प्रबंध लिहूं लागतो, आणि प्रबंधाऐवजीं आईबापांच्या खटल्याची चौकशीच त्याच्या हातून लिहिली जाते. कधीं तो ‘मी’ म्हणून बोलतो, तर कधीं स्वतःस परकें मानून ‘तो’ म्हणतो. शेवटीं ज्याच्या साक्षीनें आईबाप मेले, त्या मिंडिश नामक दंतवैद्यास तो शोधून काढतो. पण म्हाताऱ्याची स्मृति नष्ट झालेली असते. तो डॅनियलच्या मस्तकाचें चुंबन घेतो, सांगत मात्र कांहींच नाहीं. गांवोगांव हिंडून अखेर वाळवीनें खाल्लेला रुमाल ज्याच्या हातीं आला आहे, अशा संग्राहकास हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाहीं.

आतां दोष. प्रत्यक्षांत मुख्य साक्षीदार परका नव्हता. तो एथेलचा सख्खा भाऊ डेव्हिड ग्रीनग्लास. भावाच्या जागीं दंतवैद्य घालून ग्रंथकारानें खटल्यांतील सर्वांत दारुण गोष्टच वगळली, असें आम्हांस वाटतें. दुसऱ्या एखाद्या जोडप्यास वांचविण्यासाठीं मिंडिशनें आयझॅक्सनांचें नांव घेतलें असावें, हा डॅनियलचा तर्कही निराधार राहतो. डॅनियल आपल्या पत्नीस जो छळतो, त्याचें वर्णन औचित्याची मर्यादा ओलांडतें. मूळ नसलेलें कांहीं लिहिणार नाहीं, या मल्लिनाथाच्या प्रतिज्ञेंत वाढलेल्या आम्हांस हे दोष सहज दिसतात.

परंतु पुढें आलेला पुरावा पाहूं. १९९५ सालीं रशियन गुप्त तारांचे उलगडे प्रसिद्ध झाले. त्यांवरून ज्युलियस हेर होता हें ठरलें. सहआरोपी सोबेल यानेंही २००८ सालीं तसें कबूल केलें. एथेलविषयीं मात्र उलट झालें. टिपणें तिनें टंकलेखनयंत्रावर उतरविलीं, ही तिच्याविरुद्धची मुख्य साक्ष. ती देणाऱ्या भावजयीनें आधीं १९५० सालीं ग्रँड ज्यूरीपुढें टिपणें स्वतः हातानें लिहिल्याचें सांगितलें होतें. ती जबानी २००८ सालीं खुली झाली. टंकलेखन आपणांस आठवतच नाहीं, असें भावानेंही २००१ सालीं उघड केलें. खुणेसाठीं कापलेलें म्हणून न्यायालयांत दाखविलेलें जेलीचें खोकें देखील अस्सल नव्हतें. ती नक्कल होती. आपण एखाद्या इनामपत्राची नक्कल अस्सल मानून निर्णय दिला, तर फार तर एखादी वंशावळ चुकते. येथें दोन मुलांची आई गेली.

एक पक्ष दोघांस निर्दोष म्हणत होता, दुसरा दोघांस सारखेंच अपराधी. दोन्ही पक्ष कागदांपुढें टिकले नाहींत. डॉक्टरोनें मात्र निकाल न देतां शेवटही तीन तऱ्हांनीं लिहिला, व तोच कागदांच्या अधिक जवळ राहिला. म्हणून या ग्रंथास आम्ही खटल्याचें साधन म्हणणार नाहीं. त्या खटल्याची आठवण १९७१ सालीं लोकांच्या मनांत कशी होती, याचें साधन म्हणूं. आणि पुरावा अपुरा असतां निर्णय राखून ठेवावा, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा एका कादंबरीकारानें गिरविलेला पाहून, संशोधकानें थोडें लाजावें हेंही बरें.